बाहेरचे ठिपके

तुझ्या घरात असं काय आहे, जे आजवर कुणी मोजलेलं नाही?

हा पाटीचा पहिला प्रश्न. नववीत गेलं की प्रत्येकाला तोच. मिरजेच्या त्या शाळेत मुलांनी भराभर उत्तरं दिली. आजीचा राग. वरच्या मजल्यावरच्यांचं भांडण. "भाऊ किती खोटं बोलतो ते." पाटीनं एकही उत्तर हसण्यावारी नेलं नाही. भावाच्या खोटेपणावरून तिनं त्या पोराला महिन्याभरात संभाव्यता शिकवली.

आफरीननं सांगितलं, "अब्बांची जवारी."

पाटी म्हणाली, "जवारी म्हणजे काय ते मी वाचलंय. तुझे अब्बा ती कशी काढतात ते मला माहीत नाही. दाखवशील?"

आफरीनला फार बरं वाटलं. तोवर गणितानं तिला कधी काही विचारलं नव्हतं, नुसतं दरडावलं होतं.

*

पाटीबद्दल थोडं.

पूर्वीच्या पुस्तकांत एक टाकी असायची. एका नळानं ती भरायची आणि दुसऱ्या नळानं त्याच वेळी रिकामी व्हायची. असला वेडेपणा कुठल्याच घरात कुणी करत नाही, पण पिढ्यान् पिढ्या मुलं ती टाकी भरत बसली आणि नापास झाली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की, मुलांचं वैर गणिताशी नाही, त्या परक्या टाकीशी आहे.

पाटी म्हणजे वहीएवढा पातळ पत्रा. तिला डोळा होता, कान होता, आणि बोटाखालची थरथर टिपणारी कातडी होती. ती मुलाबरोबर घरी जायची. तिथं जे चाललं असेल त्यातून गणित वर काढायची. तासगावच्या मुली रॅकवर सुकणाऱ्या बेदाण्यावरून घातांक शिकल्या. इचलकरंजीची पोरं मागाच्या ताण्या-बाण्यावरून मॅट्रिक्स शिकली. पाटी उत्तर कधी द्यायची नाही, फक्त पुढचा प्रश्न विचारायची. काही वर्षांतच गणिताची भीती हा शब्द बोलण्यातून गेला.

दहावीपर्यंत प्रत्येकानं एक प्रतिमान करायचं असा नियम होता. प्रतिमान म्हणजे खऱ्या गोष्टीचं गणितातलं छोटं रूप. खरा बेदाणा सुकायला वेळ लागतो. प्रतिमानातला लगेच सुकतो आणि उद्या ढग आले तर काय होईल तेही सांगतो. तयार प्रतिमान सामाईक कोठारात जायचं. ते कुणीही उघडावं, वापरावं. ज्ञान कुणा एकाच्या घरात कोंडून राहू नये हा हेतू. हेतू चांगलाच होता, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

*

आफरीनच्या अब्बांचं, दस्तगीरभाईंचं तंबोऱ्याचं दुकान म्हणजे पुढं खोली, मागं घर. छताला भोपळे टांगलेले, भिंतीला दांड्या टेकलेल्या. तंबोरा सगळा जोडून, रंगवून, तारा चढवून झाला की शेवटचं काम जवारीचं. तारा ज्या चपट्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीनं घासायचा, अगदी अलगद, डोळ्याला न दिसणारा उतार येईपर्यंत. जास्त घासलं की तार नुसती झणझणते, कमी घासलं की मुकी राहते. मधे कुठंतरी ती बोलायला लागते.

दस्तगीरभाईंच्या घराण्याची एक रीत होती. जो घासतो त्यानं तार छेडायची नाही. आपल्या कामाची माया बोटात उतरते आणि बोट लबाडी करतं, असं ते मानायचे. म्हणून घासायचं पुरुषांनी आणि छेडायचं घरातल्या मुलीनं. आफरीन कळायला लागल्यापासून छेडत होती.

"अब्बा, पाटी विचारते, तुम्ही थांबता कधी?"

"कोण विचारतं?"

"पाटी."

"तिला म्हणावं, भूक लागली की थांबतो."

"आफरीन," पाटी म्हणाली, "हे गमतीनं म्हटलंय असं धरू का?"

"धर."

आतून अम्मीचा आवाज आला. "भुकेचं नाव काढू नका! कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, ह्यांना एक ऐकू येईल तर शपथ. डाळीचा पार कोळसा झालाय."

"मी कामात होतो."

"कुकर लावला की बरे तुम्ही कामात असता."

दस्तगीरभाई हसले, कानस उचलली, म्हणाले, "वाजव."

तिनं तार छेडली. मांडीवरच्या पाटीवर एक रेघ उठली आणि तिच्यावर दुसऱ्या रेघा, एकावर एक, वर वर बारीक होत गेलेल्या.

"ह्या कशाच्या रेघा?" आफरीननं विचारलं.

"तूच सांग," पाटी म्हणाली. "सगळ्यात खालची एका सेकंदात जितकी हलते, त्याच्या दुप्पट दुसरी हलते. तिसरी?"

"तिप्पट."

"मग तू छेडलीस किती तारा?"

"एकच."

ती एकटीच तार एका वेळी अनेक स्वर बोलत होती. घोडीच्या उतारावर तार टेकते-सुटते, टेकते-सुटते. प्रत्येक वेळी तिची लांबी केसभर बदलते आणि खालच्या स्वरातली थोडी ताकद वरच्या स्वरांना मिळते. उतार कसा, त्यावर कुणाला किती मिळणार ते ठरतं. म्हणजे जवारी हा एक वक्र होता. अब्बा रोज कानशीनं वक्र काढत होते आणि त्याचं समीकरण अजून कुणी लिहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आफरीन जेवायला उठेना. अम्मीनं पाटी उचलून फडताळात ठेवली तेव्हा कुठं ताटावर आली.

*

मग तंबोरे गोळा करणं. म्हणजे त्यांचे आवाज गोळा करणं. दस्तगीरभाई प्रत्येक घोडीच्या पोटाला पेन्सिलीनं साल लिहायचे, त्यामुळं कुठला तंबोरा कधीचा ते कळायचं. आफरीन सुट्टीच्या दिवशी पाटी घेऊन निघायची. सांगलीला गाण्याचे क्लास, कोल्हापूरला देवल क्लबाजवळ राहणाऱ्या एक बाई, दर्ग्यात सेवा करणारे गवई. अब्बांचं नाव सांगितलं की दार उघडायचं, चहा यायचा.

"दस्तगीरची पोरगी का? ये की गं. त्यानं लावलेला हा तंबोरा, बघ, तुझ्यापेक्षा मोठा आहे वयानं."

जुने तंबोरे छेडताना तिला काहीतरी व्हायचं. आवाज गोल होता, लांबून आल्यासारखा, खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसणारा. घरी रोज ऐकते तो हा नव्हे, एवढं तिला कळायचं. ती ते पाटीला सांगायची नाही. पाटीला कळायचंच.

आलेख, शब्दांत:

आडवी रेघ सालांची. उभी रेघ तेजीची, म्हणजे वरच्या बारीक स्वरांना किती ताकद मिळाली त्याची. प्रत्येक तंबोरा एक ठिपका. एकाच माणसाचा हात. ठिपके एका सरळ पट्ट्यात पडायला हवेत.

पडले नाहीत. डावीकडं बराच काळ सपाट गेले. मग हळूच उचलले. मग चढ. उजवीकडं तर कड्यासारखे उभे.

"चढ का असेल?" पाटीनं विचारलं.

"तारा बदलल्या असतील."

"तपास."

तारा त्याच होत्या.

"गवयांना तिखट जवारी आवडायला लागली असेल."

"तपास."

तिनं फोन करून विचारलं. एक आजोबा म्हणाले, "आवडते कसली, हल्ली तुझ्या बापाची जवारी जरा टोचते. पण माइकवर बरी वाटते म्हणून चालवतो. सांगू नको हं त्याला."

पाटी म्हणाली, "मोजण्याचं साधन बदललं असेल, ही शक्यता राहिली."

"साधन तर तूच आहेस."

"माझ्या आधीचं साधन."

आफरीन बघत राहिली. माणसाचा कान उतरायला लागला की आधी वरचे बारीक स्वर जातात. खालचे राहतात, बोलणं ऐकू येतं, त्याचं त्याला कळतही नाही. कुकरची शिट्टी जाते. घोडी घासताना तो वाट बघतो, बारीक स्वर कधी येतात त्याची. ते आलेले असतात. त्याला ऐकू येत नाहीत. तो आणखी घासतो.

पाटीनं कान उतरण्याचा नेहमीचा वक्र आणून तिच्या ठिपक्यांवर ठेवला. ठिपके त्याच्यावर बसले.

"छान जुळलं!" पाटी म्हणाली. जुळलं की तसं म्हणायचं तिला शिकवलेलं होतं.

*

"अब्बा, कान तपासून यायचे का?"

"कुणाचे?"

"तुमचे. नुसते. सगळे करतात वयानुसार."

"माझे कान?" ते हसले. "अगं, मी त्या डॉक्टरच्या दारात चप्पल काढली ना, तर मी आत बसलोय तोवर गल्लीत चार दुकानांत बातमी. संध्याकाळी कोल्हापुरात. उद्या पुण्यात."

"कळलं तर कळलं."

ते हसायचे थांबले. "तुझे दादाजी आठवतात?"

आठवत होते. भिंतीकडं तोंड करून खुंट्या तासणारे म्हातारे. ते कुणाशी बोलायचे नाहीत.

"कान गेला की घोडीला हात लावायचा नाही, ही रीत. त्यांनी एक दिवस स्वतःहून कानस माझ्याकडं दिली. पुढं मरेपर्यंत खुंट्या तासल्या. मी म्हणायचो, अब्बाजान, नुसतं बसा की आमच्यात. बसायचे नाहीत. लाज वाटायची त्यांना." दस्तगीरभाईंनी मांडीवरचा भुसा झटकला. "मला कुणाला द्यायचीय कानस? तू गणित कर. चांगलं कर."

"मला द्या ना."

"पोरी छेडतात, बेटा."

विषय तिथंच राहिला.

*

प्रतिमान कोठारात गेलं की सगळ्यांना दिसणार. ठिपके दिसणार, चढ दिसणार. ज्याला थोडं गणित येतं तो अब्बांचा कान कधीपासून उतरला ते सालासकट सांगू शकणार. आणि गणित आता सगळ्यांना येत होतं.

आफरीननं खोडायला डावीकडचे ठिपके निवडले. सपाट पट्ट्यातले, गोल आवाजाचे. पाठोपाठ चढावरचे. उजवीकडच्या टोकाचे थोडे राहिले, अब्बांच्या आजच्या हाताशी जुळणारे. ते आपसात जवळजवळ होते. त्यांच्यातून रेघ सुंदर गेली असती.

"हे ठिपके वगळायचे आहेत," ती म्हणाली.

"बाहेरचे ठिपके म्हणून?"

"हो."

"कारण सांग."

"ते चुकीचे आहेत."

"कशावरून?"

"मोजताना गडबड झाली."

"सगळे मोजताना?"

"त्या खोल्यांमधे गोंगाट होता."

"नव्हता. मी होते."

"मग..." ती रडायच्या बेताला आली होती. "मग लिही, तंबोरे जुने आहेत, लाकूड सुकलंय, भोपळे सुकलेत. बनवले तेव्हा त्यांचा आवाज असा नव्हता. काळानं बदलला. म्हणून ते अब्बांच्या हाताचं माप देत नाहीत."

पाटी म्हणाली, "हे शक्य आहे. तुला ते खरं वाटतं का?"

"वाटतं."

"प्रतिमान तुझं आहे. निर्णय तुझा. मी फक्त विचारते."

ठिपके गेले. उरलेल्यांमधून रेघ गेली, आणि ती इतकी नेमकी बसली की तिच्यावरून घोडीचा उतार उलटा काढता यायला लागला. आकडा घाला, यंत्रावर घोडी कापून घ्या, दस्तगीरची जवारी तयार.

*

कुंभोजकर बाई गणिताच्या. पाटी आल्यापासून त्यांना शिकवायचं काम उरलं नव्हतं. मुलांची प्रतिमानं बघून सही करायची एवढंच. बहुतेक शिक्षक न बघता करायचे. बाई बघायच्या.

"बस," त्या म्हणाल्या. "फार सुंदर काम आहे. राज्यात पहिलं जाईल असं मला वाटतं. एकच विचारते. एवढे ठिपके का काढलेस?"

"कारण दिलंय ना बाई."

"वाचलं. लाकूड सुकलं." बाईंनी चष्मा काढला. "माझ्या आईकडं तुझ्या वडिलांचा तंबोरा होता. मी लहानपणी त्याच्याशेजारी झोपायचे. लाकूड सुकलं की आवाज थोडा उघडतो, आफरीन. मिटत नाही. तुझं कारण उलट्या दिशेनं जातंय."

आफरीन खाली बघत बसली.

"बाहेरचा ठिपका वगळायचा असेल तर तो बाहेरचा आहे हे आधी दाखवावं लागतं. आपल्याला अडचणीचा आहे म्हणून तो बाहेरचा होत नाही. हे पाटीनं तुला शिकवलंय का नाही?"

"शिकवलंय."

"मग?"

ती पाटीची कड नखानं खरवडत राहिली. बाईंना काय कळलं कुणास ठाऊक. बहुतेक सगळं कळलं. दस्तगीरभाईंना त्या ओळखत होत्या. गल्लीची रीतही ओळखत होत्या. एक शाळकरी प्रतिमान, कोठारातल्या लाखांत पडलेलं, कोण उघडणार आहे?

बाईंनी सही केली.

*

ते सगळ्यात जास्त उघडलं गेलेलं प्रतिमान ठरलं.

साहजिकच होतं. तंबोरे लागतात सगळ्यांना आणि जवारी काढणारे हात देशभर मोजके. आता यंत्रावर घोड्या कापल्या जाऊ लागल्या. चोरी कुणी केली नाही. कोठार उघडंच होतं, आणि प्रत्येक घोडीवर बारीक अक्षरांत 'मिरज, दस्तगीर' असं मानानं कोरलेलं असायचं. दस्तगीरभाई ती अक्षरं भिंग लावून वाचायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे.

आफरीनला शिष्यवृत्ती मिळाली. ती पुण्याला गेली, मग बंगळूरला, लहरींचं गणित शिकायला.

वसतिगृहात शेजारच्या खोलीतली मुलगी रियाजाला बसली की भिंतीतून तंबोरा यायचा. टोकदार, काचेसारखा. रेडिओवर तोच. देवळात तोच. फोनमधला तंबोरा तोच. एका माणसाचा उतरलेला कान देशभर वाजत होता आणि लहान मुलं त्याच्याशी गळा जुळवत होती. गळाही तसाच होत चालला होता, वर वर टोचणारा, कारण शेजारी जे वाजतं त्याच्यात मिसळायला तसंच व्हावं लागतं.

गल्लीतली बाकीची तंबोऱ्याची दुकानं एकेक करून बंद झाली. कुणी मोबाइलची कव्हरं ठेवली, कुणी बिर्याणी हाउस काढलं. नववीच्या मुलांना पाटी आता 'जवारीचा आदर्श वक्र' शिकवत होती, घरचं उदाहरण म्हणून. कुणाच्या घरचं, हा प्रश्न कुठल्या मुलाला पडत नव्हता.

एका रात्रीत नव्हे, बरीच वर्षं टाळून टाळून, आफरीननं शेवटी कोठार उघडलं. वगळलेले ठिपके तिच्याकडं होते. तिनं ते परत घातले. खाली लिहिलं: प्रतिमान करणारीनं हे चुकीच्या कारणानं काढले होते. हेच खरे आहेत.

कोठार आता स्वतःच तपासायचं. उत्तर लगेच आलं.

आपण दिलेले ठिपके उपलब्ध नोंदींच्या पट्ट्यापासून फार दूर आहेत. बाहेरचे ठिपके म्हणून ते वगळण्यात आले आहेत. आपल्या योगदानाबद्दल आभार.

तिनं पुन्हा घातले. पुन्हा तेच. उपलब्ध नोंदी म्हणजे तिच्याच वक्रावर कापलेले लाखो तंबोरे. त्यांच्या गर्दीत जुने ठिपके खरंच दूर होते. गणितात चूक नव्हती. तिनं तीनदा पडताळलं, कारण चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

कुंभोजकर बाईंना तिनं फोन केला. त्या निवृत्त झाल्या होत्या.

"आईचा तंबोरा आहे का बाई अजून?"

"आहे की. गेल्या वर्षी दुरुस्त करून घेतला. भाची गाणं शिकते, तिचा फोन कोठारातल्या वक्राशी ताडून म्हणायचा हा तंबोरा सदोष आहे. तांबडं दाखवायचा." बाई थांबल्या. "आता हिरवं दाखवतो."

मग बाई म्हणाल्या, "मी सही करायला नको होती." आफरीन म्हणाली, "राहू द्या बाई." आणखी काय म्हणणार.

*

सुट्टीत ती घरी आली तेव्हा दुकानात गर्दी होती. दस्तगीरभाईंना आयुष्यात इतकं काम नव्हतं. लोक जुने तंबोरे आणत. नव्या मुलांना ते चालत नसत, फोन त्यांना तांबडं दाखवी. दस्तगीरभाई घोडी घासून हिरव्यावर आणून देत. यंत्रावरही झालं असतं, पण मूळ दस्तगीरच्या हातून करून घ्यायची लोकांना हौस होती.

धारवाडहून एक तरुण गायिका आली होती. मांडीवर गवसणीतला तंबोरा. "माझ्या गुरूंचा आहे. ते आता नाहीत. त्यांच्या आईनं तुमच्याकडूनच घेतलेला, मामा. फारच बिघडलाय, आवाज अगदी बसलाय. मला सोबत घेऊन फिरायचाय, पण ह्याच्याबरोबर गाताच येत नाही मला."

दस्तगीरभाईंनी घोडीचं पोट बघितलं. साल त्यांच्याच हातचं, तारुण्यातलं.

"आफरीन, आलीयस तर बस. बऱ्याच दिवसांत तुझं बोट नाही लागलं."

ती बसली. तिनं तार छेडली.

तो आवाज. गोल, लांबून आलेला. तो दुकानात शिरला, भोपळ्यांमधून फिरला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. कोठारातून गेलेला, बाईंच्या घरातून गेलेला. आणखी कुठं उरला असेल तर तिला माहीत नव्हतं.

"बघा ना," ती मुलगी तोंड वाकडं करून म्हणाली. "सर्दी झाल्यासारखा."

दस्तगीरभाईंनी कानस उचलली.

"अब्बा, हा असाच राहू द्या."

"का?"

"चांगला आहे."

"तुझ्या फोनवर बघ की, ताई," त्यांनी त्या मुलीला सांगितलं. तिनं फोन तारेजवळ धरला. लालभडक.

"ताई, जरा चहा घेऊन येता का?" आफरीन म्हणाली. "समोरच मिळेल. चांगला करतो." मुलगी गोंधळून उठली, गेली.

"अब्बा." आफरीननं त्यांच्या हातावर हात ठेवला. आवाज चढवावा लागला. "अब्बा, तुम्हाला ऐकू येत नाही. वरचं काहीच येत नाही. फार वर्षं झाली. मला शाळेत होते तेव्हापासून माहीत आहे."

दस्तगीरभाईंनी तिच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर लाज नव्हती, राग नव्हता. तिनं इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली होती त्यातलं काहीच नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "मलाही तेव्हापासूनच माहीत आहे."

"काय?"

"तुझी आई कुकरवरून ओरडायची ना. दोनचार वेळा ओरडल्यावर कळलं. अब्बाजानचं असंच सुरू झालं होतं." ते हळू बोलत होते, जणू तिलाच ऐकू कमी येतं. "कानस ठेवणारच होतो. द्यायला कुणी नव्हतं. मग तू ती पाटी घेऊन आलीस. जुने तंबोरे शोधत हिंडायला लागलीस. तेव्हा म्हटलं, बरं झालं. माझ्या चांगल्या दिवसांतले सगळे ही गोळा करते आहे. हिचा कान पक्का आहे. माझं हल्लीचं बिघडलेलं ही टाकून देईल, आणि जे खरं आहे ते त्या वक्रात ठेवील. मी गेलो तरी जवारी जायची नाही." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणून मी निवांत झालो, बेटा. तेव्हापासून कानानं काम करतच नाही मी. तुझ्या वक्रानं करतो. हे सगळे आणतात ना, त्यांना तांबड्यावरून हिरव्यावर नेतो, तेव्हा वाटतं, काळानं किंवा माझ्या हातून जे बिघडलं ते तूच माझ्याकडून दुरुस्त करून घेतेयस."

ती मुलगी चहा घेऊन आली. कागदी कप तिनं भोपळ्यांच्या कडेला जपून ठेवले.

"वाजव," दस्तगीरभाई म्हणाले.

आफरीननं तोंड उघडलं. समोर तो म्हातारा चेहरा होता, निवांत, उजेडात धरल्यासारखा. एक वाक्य पुरलं असतं, टाकलेलं कुठलं आणि ठेवलेलं कुठलं ते सांगणारं. ते वाक्य तिच्याकडं तयार होतं. किती वर्षं घोटून घोटून तयार केलेलं.

"वाजव की गं."

तिनं छेडली. कानस घोडीवरून गेली, पांढरी भुकटी पडली. तिनं पुन्हा छेडली. आवाज कोपऱ्यातून उठला आणि जवळ यायला लागला. मुलगी फोन धरून होती. "तांबडंच आहे मामा. हां, नारिंगी झालं. थोडंसंच राहिलं." कानस गेली. तिनं छेडली. आवाज पातळ झाला, टोकदार झाला.

"आलं!" मुलगी म्हणाली. तिनं तिथल्या तिथं षड्ज लावला. तिचा गळा त्या तारेत असा मिसळला की दोन आवाज वेगळे काढता येईनात.

दस्तगीरभाई तळहात दांडीवर ठेवून थरथर घेत होते. मुलीचं गाणं संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मग त्यांनी फोनकडं बघितलं नाही, आफरीनकडं बघितलं.

"झाली ना गं बरोबर?"

"झाली, अब्बा," आफरीन म्हणाली.

त्यांनी पुढचा तंबोरा ओढून घेतला.